आधी विरोधातला निकाल दाखवा

एप्रिल १८९८. क्यूबाच्या पश्चिम टोकाजवळ पंचवीस दिवस मासेमारी करून ‘पाकेते आबाना’ नावाची शिडाची होडी हवानाकडे परतत होती. तांडेल धरून तीन माणसं आणि होडीत जिवंत मासळी. स्पेन आणि अमेरिकेत युद्ध पेटलंय याची त्या तिघांना गंधवार्ताही नव्हती. अमेरिकी गनबोटीने अडवलं तेव्हा कळलं. दोनच दिवसांनी ‘लोला’ नावाच्या दुसऱ्या होडीची तीच गत झाली. शत्रूची मालमत्ता म्हणून दोन्ही जप्त झाल्या आणि लिलावात पहिली ४९० डॉलरला, दुसरी ८०० डॉलरला गेली.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. जानेवारी १९०० मध्ये न्या. होरेस ग्रे यांनी बहुमताचा निकाल लिहिला: किनाऱ्यालगत मासे धरून पोट भरणाऱ्या निःशस्त्र होड्या युद्धात जप्त करायच्या नाहीत, ही राष्ट्राराष्ट्रांमधली रूढी आता कायदा झाली आहे, सबब होड्यांचे पैसे परत करा. असं सांगणारा एकही कायदा संसदेने केलेला नव्हता, स्पेनशी तसा करारही नव्हता. मग ग्रे यांना हा कायदा सापडला कुठे? त्यांनी तो खणून काढला. इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीच्या १४०३ सालच्या हुकमापासून सुरुवात केली, १७८५ च्या अमेरिका-प्रशिया करारावरून पुढे गेले, आरमारांना दिलेले आदेश पाहिले, निरनिराळ्या देशांतल्या कायदेपंडितांचे ग्रंथ चाळले. न्यायालयात बसून केलेलं हे चक्क संशोधन होतं.

त्या निकालातलं एक विधान आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावरून जातं. कायदेपंडितांचे ग्रंथ न्यायालय पाहतं ते कायदा कसा असावा याबद्दलची त्यांची स्वप्नं वाचायला नव्हे, तर कायदा खरोखर काय आहे याचा भरवशाचा पुरावा म्हणून. विधान गाजलं. त्याच निकालातला एक भाग मात्र फारसं कुणी वाचत नाही, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

ग्रे यांच्या वाटेत एक मोठा धोंडा होता. १७९८ साली इंग्लंडच्या आरमारी न्यायालयात सर विल्यम स्कॉट (पुढचे लॉर्ड स्टोवेल) यांनी अशाच होड्यांच्या प्रकरणात म्हटलं होतं की मच्छीमारांना सोडणं हा सौजन्याचा भाग आहे, कायद्याचा नव्हे. स्टोवेल म्हणजे सागरी कायद्यातलं त्या काळचं सर्वांत वजनदार नाव. ग्रे यांनी तो निकाल तळटिपेत ढकलला नाही. तो समोर मांडला, उद्धृत केला आणि मग सांगितलं की त्यानंतर शंभर वर्षं लोटली आहेत, सौजन्याने सुरू झालेला रिवाज पिकून कायदा व्हायला एवढा काळ पुरेसा आहे. हे पटायलाच हवं असं नाही. तीन न्यायमूर्तींना पटलंही नाही. पण न पटवून घेण्यासाठी लागणारं सगळं साहित्य ग्रे यांनी स्वतःच वाचकाच्या हातात दिलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आंतरराष्ट्रीय कायदा, तौलनिक कायदा (म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या कायद्यांची तुलना) आणि मानवी हक्क या तीन शाखांमध्ये विद्यापीठांतून जे संशोधन होतं, त्याची किंमत त्याच्या निष्कर्षावरून किंवा तळटिपांच्या संख्येवरून ठरवू नये. स्वतःच्या विरोधात जाणाऱ्या दाखल्याशी ते कसं वागतं, यावरून ठरवावी. आणि आज या कसोटीवर आपण, म्हणजे कायद्याचे अभ्यासक, बरेच कच्चे आहोत.

याला विद्यापीठातल्या चार लोकांची भांडणं समजू नका. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं कलम ३८ न्यायालयाने कायदा कुठे शोधावा ते सांगतं: करार, रूढी, कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं. आणि दुय्यम साधन म्हणून न्यायनिर्णय व निरनिराळ्या राष्ट्रांतल्या श्रेष्ठ कायदेपंडितांचं लेखन. दुय्यम का होईना, पण प्राध्यापकाने लिहिलेलं पुस्तक कायदा सिद्ध करायला चालेल, असं इथे लिखित नियमच सांगतो. न्यायालय आपल्या निकालांत पंडितांची नावं क्वचित घेतं हे खरं. वकिलांच्या युक्तिवादांत आणि न्यायमूर्तींच्या स्वतंत्र मतांत मात्र ती भरपूर असतात. संशोधकाच्या टेबलावरून निघालेलं वाक्य कुणाच्या तुरुंगवासापर्यंत, हद्दपारीपर्यंत, क्वचित फाशीपर्यंत जाऊन पोचतं.

आता आपला माल तयार कसा होतो ते पाहू. विषय ठरतो तेव्हाच बहुधा उत्तरही ठरलेलं असतं. मानवी हक्कांच्या क्षेत्रात तर जवळजवळ नेहमीच, कारण माणूस त्या क्षेत्रात येतो तोच काहीतरी सलतं म्हणून. मग डेटाबेसमध्ये शब्द टाकायचे, दहा देशांतले निकाल काढायचे, त्यातले सहा आपल्या बाजूचे निघाले की ‘जगभरातील न्यायालयांचा कल’ असं उपशीर्षक द्यायचं. उरलेले चार गेले कुठे? त्यातल्या एखाद्याला ‘याउलट पाहा’ म्हणून तळटिपेत जागा मिळते. बाकीच्यांचं नावही निघत नाही.

मी हे बाहेरून बघून लिहीत नाहीये. माझ्या पहिल्या शोधनिबंधात मी एका परदेशी घटनात्मक न्यायालयाचा उतारा दिला होता. उतारा सुरेख होता. मानवी प्रतिष्ठेवर इतकं नेमकं मी तोवर वाचलं नव्हतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “हे कुणी म्हटलंय?” मी म्हटलं, “न्यायालयाने, सर.” ते म्हणाले, “न्यायालयाने की न्यायालयातल्या कुणी?” मला प्रश्नच कळला नाही. तो उतारा अल्पमताच्या निकालातला होता. न्यायालयाने नेमकं उलट ठरवलं होतं आणि मी हरलेल्या बाजूचं म्हणणं जिंकलेलं म्हणून छापलं होतं. उतारा मला एका दुसऱ्या लेखात सापडला होता, त्या लेखकाला आणखी कुठेतरी. मूळ निकाल आमच्यापैकी कुणीच उघडला नव्हता. परीक्षक रागावले नाहीत, नुसते हसले. त्या हसण्याची आठवण अजून जात नाही.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला, तेव्हा जगभरचे कायदेवाले मनसोक्त हसले. हसण्यासारखं होतंच. पण खोटा निकाल शोधला की सापडत नाही, आणि चोरी लगेच उघडी पडते. खरा पण अर्धवट वाचलेला निकाल सापडतो. खंड बरोबर, पान बरोबर, वाक्यही शब्दशः बरोबर, फक्त त्याच्या मागचं-पुढचं कापलेलं. तो वर्षानुवर्षं एका लेखातून दुसऱ्या लेखात फिरतो, कुणी पकडत नाही. माझ्या लेखी धोका त्याचा जास्त.

या कापाकापीने काय होऊ शकतं हे पाहायचं तर एकाच विषयावरचं दोन वेळचं काम शेजारी ठेवावं. विषय आहे छळ.

१९७६ मध्ये पाराग्वेत होएलितो फिलार्तिगा या सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी हाल करून मारलं. पुढे त्यातला एक पोलीस अधिकारी अमेरिकेत सापडला आणि मुलाच्या वडिलांनी व बहिणीने तिथेच दावा लावला. अधिकारक्षेत्रासाठी आधार होता १७८९ चा एक धूळ खात पडलेला कायदा: परकीय माणसाला ‘राष्ट्रांच्या कायद्या’चा भंग करून इजा झाली तर अमेरिकी न्यायालयात जाता येईल. म्हणजे प्रश्न उरला तो असा, की सरकारी अधिकाऱ्याने छळ करू नये हा राष्ट्रांचा कायदा आहे का? आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांनी प्रतिज्ञापत्रं दिली. १९८० मध्ये न्या. आयर्विंग कॉफमन यांनी ‘पाकेते आबाना’चाच आधार घेऊन उत्तर दिलं, आहे. तेव्हा त्यांच्यासमोर दोन अडचणी होत्या. पहिली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९६४ मध्ये मालमत्तेच्या सरकारीकरणाबाबत म्हटलं होतं की राष्ट्रांमध्ये इतके मतभेद असताना न्यायालयांनी नियम लादू नये. दुसरी त्याहून उघड होती: छळ तर जगात सर्रास चालतो, मग बंदी ही रूढी कशी? कॉफमन यांनी दोन्हींना तोंड दिलं. सरकारीकरणावर देशांत खुलं दुमत आहे, छळावर नाही. छळ करणारं सरकार तो केल्याचं नाकारतं, आमचा तो हक्क आहे असं म्हणत नाही. बंदी मोडली जाते म्हणून बंदीचं बळ जात नाही. पुढे कुटुंबाच्या बाजूने एक कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा हुकूम झाला. पैसे हाती आले नाहीत, ती वेगळी कथा.

आता १ ऑगस्ट २००२. अमेरिकेच्या न्याय खात्यातून दहशतवादाच्या संशयितांच्या चौकशीबद्दल एक गोपनीय टिपण निघालं. ते मुख्यतः जॉन यू यांनी लिहिलं होतं, जे एरवी बर्कलीत कायद्याचे प्राध्यापक, तेव्हा सरकारी कामावर होते. सही वरिष्ठ अधिकारी जे बायबी यांची. प्रश्न तोच: छळ म्हणजे काय? अमेरिकी कायद्यात ‘तीव्र वेदना’ असे शब्द आहेत. टिपणाने त्यांचा अर्थ शोधला तो आरोग्यविम्याच्या लाभांविषयीच्या कायद्यात, जिथे तातडीची वैद्यकीय स्थिती कशाला म्हणावं हे सांगताना ‘तीव्र वेदना’ हे शब्द आले होते. तिथून निष्कर्ष निघाला की एखादा अवयव निकामी होताना किंवा मरताना होतील तितक्या वेदना झाल्या तरच तो छळ.

मला जास्त बोचतं ते टिपणातलं तौलनिक प्रकरण. होय, त्यात परदेशी निकालही होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा आयर्लंड विरुद्ध युनायटेड किंग्डम हा १९७८ चा निकाल आणि इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निकाल. पहिल्यात कैद्याला भिंतीशी तासन्‌तास उभं करणं, डोक्यावर पिशवी, सतत आवाज, झोप तोडणं, अन्नपाणी तोडणं या पाच पद्धतींना न्यायालयाने ‘छळ’ म्हटलं नव्हतं. दुसऱ्यात इस्रायली गुप्तचरांच्या पद्धतींना तो शब्द लावला नव्हता. टिपणाने दोन्ही ठिकाणचा तेवढाच धागा ओढून घेतला आणि एवढं करूनही तो छळ ठरत नाही असा अर्थ काढला. पण युरोपीय न्यायालयाने त्याच पाच पद्धती अमानुष व मानहानिकारक ठरवल्या होत्या आणि युरोपीय करारात त्यांनाही तितकीच पूर्ण बंदी आहे. इस्रायली न्यायालयाने तर त्या पद्धती वापरण्याचा अधिकारच गुप्तचर खात्याला नाही असा निर्णय दिला होता. दोन्ही सरकारं आपापले खटले हरली होती. त्यांच्या हरण्यातून परवानगीपत्र तयार झालं. अध्यक्षांच्या युद्धकालीन अधिकारांवर १९५२ चा जो सर्वांत महत्त्वाचा अमेरिकी निकाल आहे, त्याचं तर टिपणात नावही नव्हतं.

२००४ मध्ये टिपण फुटलं आणि त्याच वर्षी मागे घेतलं गेलं. खात्याच्या अंतर्गत चौकशीने आधी याला व्यावसायिक गैरवर्तन म्हटलं, मग वरिष्ठांनी ते ‘वाईट निर्णयशक्ती’ इतकं सौम्य केलं. दरम्यानच्या काळात बंद खोल्यांमध्ये काय झालं ते जगाला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, ती सरकारी वकिली होती, विद्यापीठातलं संशोधन नव्हे. बरोबर. पण कारागिरी तीच होती: डेटाबेस, उतारे, परदेशी निकाल, तळटिपा. आपल्या बाजूचं तेवढं उचलायचं हे वळण हाताला एकदा लागलं की हेतू चांगला की वाईट हे हात विचारत नाही. मानवी हक्कांच्या बाजूने लिहिणारा माणूस जेव्हा विरोधी निकाल गाळतो, तेव्हा त्याने वापरलेलं हत्यार २००२ च्या टिपणातलंच असतं.

यावर माझे अनेक सहकारी चिडतात. त्यांचा मुद्दा हलका नाही. ते म्हणतात, तुमचा हा निःपक्षपातीपणा बलवानांच्या पथ्यावर पडतो; राज्यसंस्थेकडे वकिलांची फौज असते, तिची बाजू ती मांडेलच, निर्वासिताची, कैद्याची, विस्थापिताची बाजू मांडायला फक्त आम्ही आहोत; त्यात आम्हीच दोन्ही तागड्या समान धरायच्या का?

मला हे उलटं वाटतं. ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे, तोच तुमचा गाळलेला निकाल सर्वांत आधी शोधून काढेल. आणि तो भर न्यायालयात बाहेर येईल तेव्हा विश्वास उडेल तो तुमच्या एका दाखल्यावरून नव्हे, सगळ्या दाखल्यांवरून. किंमत मोजेल तो तुमचा कैदी.

शिवाय कायदा नाही तिथे ‘नाही’ म्हणण्यातही ताकद असते. पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन यांचं उदाहरण घ्या. १९३३ मध्ये त्यांनी माद्रिदच्या परिषदेकडे मानवी समूहांच्या संहाराला आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवण्याची सूचना पाठवली. कुणी मनावर घेतली नाही. १९४४ मध्ये नाझींनी व्यापलेल्या युरोपातले हुकूम आणि वटहुकूम गोळा करून त्यांनी जाडजूड ग्रंथ काढला आणि त्यात एक नवा शब्द घडवला: ‘जेनोसाइड’, वंशसंहार. हा गुन्हा कायद्यात आधीपासून आहेच, तुम्ही नीट वाचलं नाहीत, असं त्यांनी म्हटलं नाही. याला नाव नाही, याला पुरेसा कायदा नाही, तो करा, असं म्हटलं. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या आरोपपत्रात शब्द आला, १९४६ च्या निकालपत्रात आला नाही. लेम्किन संयुक्त राष्ट्रांच्या दालनांमध्ये खेटे घालत राहिले आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी करार मंजूर झाला. ‘असायला हवा’ आणि ‘आहे’ यांतलं अंतर त्यांनी झाकलं नाही. झाकलं असतं तर ते भरून काढायची निकड कुणाला वाटली असती?

आज नेमकं हे अंतर झाकायची सवय वाढली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा ठराव, एखाद्या समितीचा अभिप्राय, एका विशेष प्रतिवेदकाचा अहवाल आणि दोन प्रादेशिक न्यायालयांचे निकाल एकत्र बांधायचे आणि ‘ही आता रूढी आहे’ असं लिहायचं. रूढीला दोन पाय लागतात, राज्यांचं प्रत्यक्ष वर्तन आणि ते कायदा म्हणून पाळतोय ही जाणीव. पहिला पाय शोधायला कष्ट पडतात, म्हणून दुसऱ्यावरच लंगडी घालत जायचं. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने युद्धकायद्यातल्या रूढींचा अभ्यास २००५ मध्ये छापला तेव्हा १६१ नियमांबरोबर त्यामागच्या पुराव्याचे हजारो पानांचे खंडही छापले. अमेरिकेने पुढच्याच वर्षी पत्र पाठवून पद्धतीवरच हरकत घेतली: लष्करी पुस्तिका आणि ठरावांवर भर जास्त आहे, रणांगणावरच्या वर्तनावर कमी. हरकत बरोबर की चूक हा वाद अजून संपलेला नाही. पण अशी हरकत घेता आली, कारण पुरावा उघडा होता.

तौलनिक कायद्याचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिथे निकाल गाळला जातो त्यापेक्षा जास्त वेळा तो मुळासकट न आणता फांदी तोडून आणला जातो. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने १९९५ मध्ये मक्वान्याने खटल्यात फाशीची शिक्षा रद्द केली. अकराही न्यायमूर्ती एकमताचे. हा निकाल हक्कांच्या चळवळीत ध्वजासारखा मिरवला जातो, पण आर्थर चॅस्कलसन यांनी तो लिहिताना काय काय कबूल केलं हे वाचण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याने मृत्युदंडाला बंदी नाही, हे त्यांनी मान्य केलं. बहुसंख्य जनतेला फाशी हवी असेल, हेही मान्य केलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात फाशी घटनात्मक ठरवली होती. फाशीची बाजू लढवणाऱ्या ॲटर्नी जनरलना हवा तसाच दाखला. चॅस्कलसन यांनी तो बाजूला सारला नाही, त्याचं मूळ दाखवलं: भारतीय राज्यघटनेचं कलम २१ स्वतःच म्हणतं की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने जीवित हिरावून घेता येईल, आमच्या घटनेतला जीविताचा हक्क असा सशर्त नाही. म्हणून तिथलं उत्तर तिथे बरोबर असलं तरी इथे लागू होत नाही. दाखला नाकारावा तर असा, त्याच्या जागी त्याला मान देऊन.

आणि स्वीकारावा तरी तसाच. डीटर कॉनराड या जर्मन अभ्यासकाने फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिलं. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही अंगभूत मर्यादा असतात का, हा विषय. घटनादुरुस्ती करून घटनाच मोडीत काढून पुन्हा मोगल बादशहाची किंवा इंग्लंडच्या राणीची सत्ता आणता येईल का, असा खोचक प्रश्न त्यांनी टाकला. प्रश्नामागे हिटलरपूर्व जर्मनीतलं वायमार प्रजासत्ताक स्वतःच्याच घटनेच्या वाटेने कसं कोसळलं याचा अनुभव होता, आणि काही तत्त्वांना दुरुस्ती करूनही हात लावता येणार नाही असं सांगणारं जर्मन मूलभूत कायद्याचं कलम ७९(३) होतं. वकील एम. के. नंबियार यांनी हा विचार १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात मांडला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा मतांनी ‘मूलभूत चौकट’, म्हणजे घटनादुरुस्ती करूनही मोडता न येणारा घटनेचा गाभा, अवतरली, आणि न्या. खन्ना यांनी निकालात कॉनराड यांना उद्धृत केलं. अभ्यासकाचं एक व्याख्यान आठ वर्षांत घटनेचं कुंपण झालं. जर्मनीत जे घटनेतच लिहिलं आहे ते भारतात न्यायालयाने वाचून काढलं. या फरकावर तेव्हाही वाद होता, आजही आहे.

पुढे हा सिद्धांत देशोदेशी फिरला. बांगलादेशाने १९८९ मध्ये तो घेतला. केनियात २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आणि अपील न्यायालयाने तो लागू केला, आणि मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने नाकारला: आमच्या २०१० च्या घटनेत दुरुस्तीच्या वाटेवरच जनमताचे पुरेसे अडथळे आहेत, मग बाहेरची मात्रा कशाला? आता मूलभूत चौकटीच्या जगप्रवासावरचे लेख वाचा. बांगलादेश हमखास भेटतो. केनियाचं सर्वोच्च न्यायालय भेटलं तर त्याला ‘निराशाजनक’ हे विशेषण लागलेलं असतं, त्याचं कारण मात्र दिलेलं नसतं.

संशोधनामागे पैसा कुणाचा, हा प्रश्न थोडक्यात सांगतो, कारण तो जुना आहे. समुद्र सर्वांना खुला आहे असं मांडणारा डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसचा १६०९ चा ग्रंथ आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पायाचा दगड मानतात. तो डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी केलेल्या वकिलीतून निघाला होता. चार वर्षांनी मसाल्याच्या बेटांवरच्या डच मक्तेदारीची तरफदारी करायला ग्रोशियस लंडनला गेला, तेव्हा इंग्रजांनी त्याचीच मांडणी त्याच्यापुढे धरली. ग्रंथ यामुळे खोटा ठरत नाही. पण पैसे कुणाचे होते हे वाचकाला पहिल्याच पानावर कळलं पाहिजे.

मग करायचं काय? वैद्यकात एखाद्या औषधावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासताना कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी, काय वगळलं आणि का, हे लिहावं लागतं. कायद्यात आपण तसं काहीच लिहीत नाही. ‘तौलनिक पद्धती’ एवढे दोन शब्द प्रस्तावनेत टाकले की पद्धतीचं प्रकरण संपलं. अमेरिकेतली बहुतेक लॉ रिव्ह्यू, म्हणजे कायद्याची संशोधन-नियतकालिकं, तर विद्यार्थीच संपादित करतात. ते एकेक तळटीप इमानाने पडताळतात, मूळ पान काढून बघतात. पण छापलेल्या तळटिपेची पडताळणी करता येते. जी टीप लिहिलीच गेली नाही, तिचं काय?

भाषेचंही तेच. इंग्रजीत सापडलं नाही म्हणजे जगात नाही, असं आपण धरून चालतो. मग ‘जगभरातील न्यायालयांचा कल’ म्हणजे इंग्रजीत निकाल देणाऱ्या पाच-सात देशांचा कल निघतो. स्पॅनिश, पोर्तुगीज, अरबी वाचता येत नसेल तर तसं लिहावं. त्यात लाज नाही. लाज ‘जगभरातील’ या शब्दाची वाटायला हवी.

आता तोंडी परीक्षेला मी समोर बसतो तेव्हा एकच प्रश्न आधी विचारतो: तुमच्या प्रबंधातला तुम्हाला सर्वांत नकोसा निकाल कोणता आणि तो कितव्या पानावर आहे? बरेच जण गोंधळतात. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने प्रबंधाच्या मसुद्यावर बोलताना प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, तो एका तळटिपेत आहे.” विषय होता समुद्रात अडवलेले निर्वासित. १९५१ च्या करारातलं कलम ३३ म्हणतं की जीविताला धोका असेल तिथे निर्वासिताला परत धाडू नये. हे खुल्या समुद्रावरही लागू होतं, हे तिचं प्रतिपादन. आधार होता युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा २०१२ चा निकाल, ज्यात लोकांना समुद्रातूनच लिबियाला परत नेल्याबद्दल इटलीला दोषी धरलं होतं. नकोसा निकाल म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा, हैतीच्या निर्वासितांबद्दलचा: कलम ३३ खुल्या समुद्रावर लागू होत नाही, आठ विरुद्ध एक. तो तिने एका ओळीत ‘सर्वत्र टीका झालेला’ म्हणून निकालात काढला होता.

“वाचलात का पूर्ण?” मी विचारलं. ती गप्प. मी पुढे काही बोललो नाही, हसलोही नाही.

तीन महिन्यांनी नवा मसुदा आला. त्या निकालाला स्वतंत्र प्रकरण मिळालं होतं. करारात इंग्रजी शब्दाशेजारी ‘रफूले’ हे फ्रेंच क्रियापद मुद्दाम घातलेलं आहे आणि न्यायालयाने शब्दकोश उघडून त्याचा अर्थ ‘परतवून लावणं, हुसकणं’ असा, म्हणजे वेशीवर आलेल्याबाबतचा, घेतला, हे तिने आता मूळ परिच्छेद कापाकाप न करता दिलं होतं. त्याखाली एकट्या न्या. ब्लॅकमन यांचं भिन्नमत, स्पष्टपणे भिन्नमत म्हणून. मग तिचं उत्तर. तिचं मत बदललं नव्हतं. प्रबंध मात्र चाळीस पानांनी वाढला होता, आणि मुखपृष्ठावरच्या शीर्षकातला ‘निर्विवाद’ हा शब्द तिने स्वतःच काढला होता.